मोटारीला ‘सेल्फ’ देणारे चार्ल्स केटरिंग

नवी दिल्ली, २९ ऑगस्ट : गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडीचा सेल्फ लागत नाही’ एवढे म्हटले की मेकॅनिकला पुढचे फारसे काही सांगावे लागत नाही. ‘सेल्फ’ हा शब्द आता देशभरातल्या मेकॅनिकांच्या बोलीत इतका रुळला आहे की तो ‘सेल्फ स्टार्टर’ या इंग्रजी नावाचा अर्धा तुकडा आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. हँडल न मारता, गाडीतल्याच बॅटरीच्या बळावर इंजिन सुरू करण्याची ही सोय ज्यांनी व्यवहारात आणली, त्या अमेरिकी अभियंता चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा २९ ऑगस्ट हा जन्मदिन.

केटरिंग यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंट जमा आहेत. रोकड मोजणाऱ्या यंत्रापासून रेल्वेच्या डिझेल इंजिनापर्यंत अनेक गोष्टींना त्यांचा हात लागला. तरीही त्यांची खरी ओळख एखाद्या यंत्रात नसून त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. बिघाड जिथे दिसतो तिथेच त्याचे कारण असेल असे त्यांनी कधी गृहीत धरले नाही. यंत्राचा एखादा भाग बंद पडला की त्या भागाला काय मिळते आणि तो पुढे काय देतो, याचा ते माग काढीत. मोटारीतील बॅटरी, स्टार्टर आणि जनित्र यांचे आजचे चक्र याच विचारातून उभे राहिले आणि आजही त्या चक्रातला दोष याच पद्धतीने शोधला जातो. मात्र याच माणसाच्या प्रयोगशाळेतून शिसेयुक्त पेट्रोलही जगभर गेले. त्यामुळे केटरिंग यांचे चरित्र ही केवळ यशाची गोष्ट राहत नाही.

अधू डोळ्यांचा विद्यार्थी

ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतावर १८७६ मध्ये केटरिंग यांचा जन्म झाला. जेकब आणि मार्था केटरिंग यांच्या पाच अपत्यांपैकी ते चौथे. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. वाचन वाढले की डोळे दुखत आणि डोके ठणकू लागे. तरीही शालेय शिक्षण संपवून त्यांनी काही काळ गावातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली. पुढे त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला, परंतु डोळ्यांच्या त्रासाने शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले.

या सक्तीच्या खंडात ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत कामाला लागले आणि लवकरच तिचे मुकादम झाले. खांब रोवणे, तारा ओढणे आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या मार्गावर दोष नेमका कुठे आहे हे शोधणे, असे ते काम होते. उघड्या हवेतल्या या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि विजेशी प्रत्यक्ष ओळखही झाली. ते पुन्हा विद्यापीठात परतले तेव्हा सोबती त्यांना धडे वाचून दाखवीत. १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. वर्गमित्रांच्या तुलनेत ते वयाने मोठे होते, पण तारांवरची उमेदवारी त्यांच्या गाठीशी होती.

गल्ल्यातील छोटी मोटर

पदवीनंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने त्यांना आपल्या संशोधन विभागात घेतले. दुकानातील रोकड नोंदवणारी यंत्रे तोपर्यंत हाताने दांडा फिरवून चालवली जात. केटरिंग यांनी त्यात विजेची छोटी मोटर बसवून गल्ला आपोआप उघडण्याची सोय केली. उधारीवर माल घेणाऱ्या ग्राहकाची पत दुकानातूनच टेलिफोनच्या मार्गाने तपासता यावी, अशी यंत्रणाही त्यांनी तिथे विकसित केली.

गल्ल्याच्या मोटरने त्यांना एक महत्त्वाचा धडा दिला. गल्ला उघडण्यासाठी जोर बराच लागत असला तरी तो क्षणभरच लागतो. दिवसभर अखंड चालणाऱ्या मोटरला जेवढा विद्युतप्रवाह सोसणार नाही, तेवढा काही क्षणांसाठी तिच्यातून सोडला तरी ती जळत नाही, कारण तापण्याआधीच तिचे काम संपलेले असते. म्हणजे मोठे काम थोड्या वेळात करून घ्यायचे असेल तर मोटर मोठी असण्याची गरज नाही. पुढे मोटारीच्या बाबतीत हाच धडा निर्णायक ठरला.

डीड्स यांचे कोठार

कंपनीतील वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांच्याशी केटरिंग यांची मैत्री जमली. डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. नोकरीची वेळ संपली की संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग आणि त्यांचे काही सहकारी तिथे जमून मोटारीच्या विद्युत व्यवस्थेवर प्रयोग करीत. पुढे ही मंडळी ‘बार्न गँग’, म्हणजे कोठारातली टोळी, याच नावाने ओळखली गेली.

त्यांचे पहिले लक्ष्य होते इंजिनातील ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण पेटवण्यासाठी योग्य क्षणी ठिणगी पडावी लागते. त्या काळच्या व्यवस्थांमध्ये ती कधी दुबळी पडे, तर कधी अवेळी पडे आणि कोरडे विद्युतघट लवकर संपून जात. केटरिंग यांनी कमीत कमी वीज वापरून नेमक्या क्षणी जोरकस ठिणगी देणारी व्यवस्था तयार केली. कॅडिलॅक मोटारींचे प्रमुख हेन्री लेलंड यांना ती पसंत पडली आणि त्यांनी मोठी मागणी नोंदवली. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली. डीड्स यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ची आद्याक्षरे जुळवून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले.

हँडलचा तडाखा

त्या काळात मोटार सुरू करणे हे ताकदीचे आणि जोखमीचे काम होते. ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा मागे ओढायचा, समोर जाऊन लोखंडी हँडल इंजिनात अडकवायचे आणि ते जोराने फिरवायचे. दांडा मागे ओढायला विसर पडला तर दट्ट्या पूर्ण वर येण्याआधीच मिश्रण पेटे आणि इंजिन उलट दिशेने फिरे. त्याबरोबर हँडलचा तडाखा बसून मनगट किंवा हात मोडे. मनगटाजवळच्या अशा एका अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग, असे नाव आहे.

मोटारींच्या इतिहासात या संदर्भात एक हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डेट्रॉइटजवळ रस्त्यात बंद पडलेली एका महिलेची कॅडिलॅक सुरू करून द्यायला मोटार उत्पादक बायरन कार्टर पुढे सरसावले, हँडल उलटून त्यांच्या जबड्यावर बसले आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. कार्टर हे लेलंड यांच्या परिचयातले होते. आपल्या मोटारीने आणखी कोणाचा बळी घेऊ नये, या भावनेतून लेलंड यांनी हँडलला पर्याय शोधण्याचा निश्चय केला, असा या हकिकतीचा शेवट आहे. कार्टर यांचे निधन १९०८ मध्ये झाले आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर मिळाला.

हँडलला पर्याय शोधण्याचे प्रयत्न तोवर अनेकांनी केले होते. कोणी दाबलेली हवा वापरली, कोणी गुंडाळलेली स्प्रिंग, तर कोणी ॲसिटिलीन वायू. विजेची मोटर मात्र बहुतेक तज्ज्ञांनी बाद ठरवली होती. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर आणि तिला पुरेल एवढी बॅटरी मोटारीत मावणारच नाही, असे त्यांचे गणित होते. मोटर सतत चालणार असेल तर ते गणित चुकीचे नव्हते. परंतु इंजिन सुरू करायला काही सेकंद पुरतात, हे गल्ल्याच्या मोटरवर काम केलेल्या केटरिंग यांना ठाऊक होते.

घेणे आणि फेडणे

फेब्रुवारी १९११ मध्ये केटरिंग यांच्या चमूने पहिला स्टार्टर बसवलेली कॅडिलॅक तयार केली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींमध्ये ही व्यवस्था कायमची सोय म्हणून आली. तिच्यासाठी कॅडिलॅकला ब्रिटनमधील मानाचा ड्यूअर करंडक मिळाला. केटरिंग यांच्या स्टार्टरचे पेटंट ऑगस्ट १९१५ मध्ये मंजूर झाले.

या व्यवस्थेचे मर्म केवळ मोटरमध्ये नव्हते. बॅटरीतली वीज घेऊन मोटर इंजिन फिरवी. इंजिन सुरू झाले की तेच यंत्र जनित्र बनून इंजिनाच्या बळावर वीज निर्माण करी आणि बॅटरीतून घेतलेली वीज तिला परत देई. त्याच विजेवर दिवे लागत आणि ठिणगीही पडे. पहिल्या व्यवस्थेत बॅटरीचे भाग असे जोडले होते की इंजिन सुरू करताना २४ व्होल्टचा जोर मिळावा आणि दिव्यांसाठी व ठिणगीसाठी ६ व्होल्ट पुरावेत. मोटारीतला प्रकाश, ठिणगी आणि सुरुवात या तीन गोष्टी तोवर तीन वेगवेगळ्या साधनांवर अवलंबून होत्या. केटरिंग यांनी त्या एकाच हिशेबात आणल्या.

बॅटरी स्वतः मात्र त्यांचा शोध नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि विरल गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली होती. १८८१ मध्ये कामिल फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली. केटरिंग यांनी या बॅटरीला मोटारीत कायमचे घर दिले.

याचे सामाजिक परिणाम दूरगामी झाले. हँडल मारण्याची गरज संपल्यामुळे पेट्रोलची मोटार स्त्रियांना आणि वृद्धांनाही कोणाच्या मदतीविना चालवता येऊ लागली. तोवर सहज सुरू होणारी म्हणून विजेची मोटार त्यांच्या पसंतीची होती. स्टार्टरने तिचे हे वैशिष्ट्य हिरावून घेतले आणि तिच्या ऱ्हासाला हातभार लावला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’लाही १९१९ मध्ये स्टार्टर मिळाला. आज विजेच्या मोटारी परतल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींमध्ये दिवे, कुलपे व नियंत्रक चालवण्यासाठी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी अजूनही असते.

चक्र कुठे तुटले?

केटरिंग यांनी बांधलेले हे चक्र समजले तर गाडी सुरू न होण्याचे कारण शोधणे अवघड राहत नाही. अडचण अशी की चक्रातला कोणताही दुवा तुटला तरी चालकाला लक्षण एकच दिसते : किल्ली फिरवली आणि इंजिन फिरले नाही. म्हणून अनेकदा बॅटरीला दोष देऊन ती बदलली जाते आणि चार दिवसांनी नवी बॅटरीही उतरते. बॅटरीला परतफेड होत होती की नाही, हे पाहायचे राहून गेलेले असते.

तपासाची सुरुवात डोळ्यांनी होते. बॅटरीच्या टोकांवर पांढरा किंवा हिरवट थर साचला असेल किंवा तारेची पकड सैल असेल, तर बॅटरी चांगली असूनही स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळत नाही. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. दिव्याला न जाणवणारा टोकांवरचा अडथळा एवढ्या प्रवाहाला अडवतो. त्यामुळे दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ लागत नाही, असे चित्र दिसते. टोके घासून, घट्ट करून आणि इंजिनाची अर्थिंगची तार पाहून मगच पुढे जाणे शहाणपणाचे असते.

दुसरी पायरी मीटरची. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२.४ च्या आसपास ती काहीशी उतरलेली असते आणि १२ च्या खाली बरीचशी रिकामी. ज्या बॅटरीत पाणी टाकण्याची सोय आहे, तिच्या प्रत्येक घराचे आम्ल हायड्रोमीटरने मोजता येते. भरलेल्या घरात विशिष्ट घनता १.२६ ते १.२८ च्या दरम्यान असते. पाच घरे सारखी आणि एकच फार खाली असेल, तर दोष त्या घरात असून ती बॅटरी चार्ज करूनही फारशी टिकणार नाही.

तिसरी पायरी भाराची. सेल्फ मारत असताना व्होल्ट खाली येणारच, परंतु ते साधारण साडेनऊच्याही खाली घसरले तर बॅटरी उतरलेली तरी असते किंवा तिचे आयुष्य तरी संपलेले असते. ती पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासल्याखेरीज या दोहोंतला फरक कळत नाही. उलट व्होल्ट जागच्या जागी राहिले आणि इंजिन मात्र फिरले नाही, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोहोचलेलाच नाही आणि शोध स्विच, रिले किंवा स्टार्टरकडे वळवायला हवा.

चौथी पायरी परतफेडीची. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा उभ्या गाडीइतकाच राहिला तर जनित्राकडून, म्हणजे आजच्या अल्टरनेटरकडून, काहीच येत नाही. पट्टा सैल असणे, ब्रश झिजणे किंवा नियंत्रकात बिघाड होणे, ही त्याची नेहमीची कारणे. आकडा १५ च्या वर गेला तर नियंत्रक निकामी होऊन बॅटरीला गरजेपेक्षा जास्त वीज मिळते, पाणी उकळून उडते आणि पत्रे झिजतात. सर्व आकडे ठीक असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर बंद गाडीतही वीज खाणारे एखादे उपकरण शोधावे लागते.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती चार्ज घेईनाशी होते. उष्णता पाणी आटवते आणि पत्र्यांची झीज वाढवते, त्यामुळे भारतासारख्या देशात बॅटरीचे आयुष्य उन्हाळ्यात अधिक खर्ची पडते. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ ठिणगी किंवा विडी-काडी नेणे धोक्याचे असते, हेही विसरून चालत नाही.

खटखटीचे मूळ

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केटरिंग यांच्यापुढे वेगळाच आरोप आला. चढावर किंवा जास्त भार पडल्यावर इंजिनातून खटखट ऐकू येई आणि ताकद कमी होई. बॅटरीवर चालणारी नवी ठिणगीची व्यवस्थाच याला कारणीभूत आहे, असे अनेकांचे म्हणणे होते. केटरिंग यांना त्यात तथ्य वाटले नाही. त्यांनी दोष ठिणगीत न शोधता इंधन कसे जळते याकडे लक्ष वळवले आणि १९१६ मध्ये हे काम थॉमस मिडग्ली या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले.

सुरुवातीला दोघांचा अंदाज होता की इंधनाला लाल रंग दिला तर ते लवकर उष्णता शोषून नीट जळेल. हाती रंग नसल्याने आयोडीन मिसळले गेले आणि खटखट थांबली. पुढे इतर लाल रंग वापरून पाहिले तेव्हा काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता. चुकीच्या तर्कातून उपाय सापडला तरी तो तर्क तपासूनच घ्यायचा, ही केटरिंग यांची शिस्त इथे दिसते. खटखटीचे मूळ इंधनात आहे, हे यातून सिद्ध झाले आणि ठिणगीच्या व्यवस्थेवरचा आरोप दूर झाला.

शिशाचा हिशेब

आयोडीन महाग होते आणि धातू खाणारेही. अनेक पदार्थ तपासल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. त्याचे अगदी थोडे प्रमाण पुरे होई. १९२३ मध्ये डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कॉर्पोरेशनचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते.

शिसे विषारी आहे, हे तेव्हा अज्ञात नव्हते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या संपर्काने कामगारांना भ्रम आणि झटके येऊ लागले आणि त्यांतले ५ जण मरण पावले. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने वॉशिंग्टन येथे परिषद बोलावली. औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथे शिशाच्या धोक्याचा इशारा दिला. केटरिंग उद्योगाच्या बाजूने उभे राहिले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

अल्कोहोल मिसळूनही खटखट कमी होते, हे केटरिंग यांच्या प्रयोगशाळेला माहीत होते. तरी स्वस्त आणि पेटंटखाली असलेले शिसे पुढे आले. इंजिनातील बिघाडाचे मूळ अचूक शोधणाऱ्या या अभियंत्याने धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या शिशाचा पुढचा प्रवास मात्र त्याच चिकाटीने तपासला नाही. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम पुढच्या दशकांत सिद्ध होत गेला. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया ठरला आणि २०२१ मध्ये तिथली विक्रीही थांबली.

अपयश आणि डिझेल

१९१६ मध्ये डेल्को युनायटेड मोटर्सकडे गेली आणि त्या मार्गाने केटरिंग जनरल मोटर्समध्ये आले. १९२० पासून १९४७ पर्यंत ते तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्याच काळात त्यांच्या वाट्याला एक जाहीर अपयश आले. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेने थंड होणारे इंजिन त्यांनी शेव्हरलेसाठी तयार केले. प्रयोगशाळेत ते चांगले चालले, पण रस्त्यावर तापून ताकद गमावू लागले. १९२३ मध्ये विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. निराश झालेल्या केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांचे मन वळवले आणि ते थांबले.

त्या थांबण्याचे फळ दहा वर्षांनी मिळाले. त्यांच्या देखरेखीखाली हलके आणि ताकदवान दोन-धावी डिझेल इंजिन विकसित झाले. १९३४ मध्ये ‘झेफर’ या अमेरिकी आगगाडीने ते इंजिन लावून धाव घेतली आणि वाफेच्या इंजिनाचे दिवस भरले. भारतीय रेल्वेने १९६२ मध्ये जनरल मोटर्सकडून आणलेली ‘डब्ल्यूडीएम-४’ इंजिने याच घराण्यातली होती. पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनलेल्या ‘डब्ल्यूडीजी-४’ इंजिनांमध्येही दोन-धावी रचनेचा हाच वारसा आहे. केटरिंग यांचे एकुलते एक पुत्र यूजीन यांनीही रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर महत्त्वाचे काम केले.

१९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. आज ती ‘मेमोरियल स्लोन केटरिंग’ या रुग्णालयाच्या नावाने जगाला परिचित आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग यांचे निधन झाले. डेटनला लागून असलेल्या शहराला आणि मिशिगनमधील फ्लिंट येथील तंत्रविद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

त्यांचा वारसा या संस्थांइतकाच मोटारीच्या बॉनेटखालीही आहे. शिशाच्या बॅटऱ्या आजही जगभर वापरात आहेत आणि निकामी झाल्यावर त्यांतले शिसे जवळजवळ सगळे परत मिळवता येते. परंतु हे काम उघड्यावर, भट्टीच्या धुरात झाले तर तेच शिसे कामगारांच्या आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत ठिकाणी पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वाहनधारकाच्या बाजूने त्याचा अर्थ इतकाच, की जुनी बॅटरी भंगारात न विकता नवी घेताना दुकानदाराकडे परत द्यावी. बॅटरीतून घेतलेली वीज तिला परत मिळावी, हा हिशेब केटरिंग यांनी शंभर वर्षांपूर्वी जमवला. त्या बॅटरीतले शिसे सुरक्षितपणे परत जावे, हा हिशेब अजून पूर्ण व्हायचा आहे.